बसल्या अंगाचं माप

एका पट्ट्याला मी मुद्दाम चारच भोकं पाडली होती, त्याची ही हकीगत. संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "रूथताई, तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा." गमती आहेत, त्याही सांगते. पण एवढ्या वर्षांत भिंगारच्या माझ्या दुकानात जे काही झालं, त्यात मला झोपेतून उठवून विचारलं तरी पहिल्यांदा हा पट्टाच आठवेल.

मी पिस्तुलाची होल्स्टरं शिवते. गिऱ्हाईक त्याला कव्हर म्हणतं. एकजण तर 'पिस्तुलाचा खिसा' म्हणायचा. माझे सासरे छावणीतल्या घोड्यांची खोगिरं करायचे. घोडे कमी झाले तसे ते कमरपट्टे आणि होल्स्टरांकडे वळले. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चामड्याचा वास अजिबात चालायचा नाही. तो साखर कारखान्यात नोकरीला लागला. मळीच्या वासात जन्म काढला बिचाऱ्यानं, पण चामड्याला नाक मुरडायचा! मग सासऱ्यांनी चामडं टोचायची आरी आणि कापायची रापी माझ्या हातात दिली. लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगते. होल्स्टरचं चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं लागतं. पर्सचं मऊ चामडं चालत नाही, त्यातल्या रसायनानं लोखंड गंजतं. चामडं भिजवायचं, पिस्तुलाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर दाबून बसवायचं आणि सावलीत वाळवायचं. माझ्याकडे अशा ठोकळ्यांची पेटी भरलेली आहे. खरं हत्यार मेजावर ठेवायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम मी कधी मोडला नाही. मग मेण लावलेल्या दोऱ्यानं दोन सुयांची शिवण. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

हे सगळं कुणीही शिकेल. अवघड असतं ते माप.

मी बाईमाणूस. गिऱ्हाईक सगळे पुरुष. त्यांच्या कमरेला मी दोरी गुंडाळणं बरं दिसेना, म्हणून सासऱ्यांनी पद्धत पाडली की दोरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, त्यानं स्वतः गुंडाळायची आणि मी लांबून गाठ कुठे मारायची ते सांगायचं. पद्धत चांगली होती. पण बाई बघतेय म्हटल्यावर एकजात सगळे पोट आत ओढायचे! फौजी काय, बागायतदार काय, बँकेचा पिकलेला वॉचमन काय. दोरीला गाठ पडायची ती आत घेतलेल्या पोटाची. मग आठवड्यानं स्वारी हजर.

बेलापूरकडचे एक बागायतदार असेच आले होते. लायसनचं पिस्तूल होतं, ते लग्नाकार्यात मिरवायचं होतं. म्हणाले, "बाई, ते दिसलं पायजे, पन दाखवतोय असं वाटाया नको." मी दोरी दिली. त्यांनी असा काही श्वास ओढला की शर्टाची बटणं सैल पडली. होल्स्टर नेलं आणि पुढच्या बाजारी परत. "लई टोचतंय हो! जीपमधी बसलं की बरगडीत घुसतंय."

"बसल्यावर टोचतंय ना? उभं राहिल्यावर नाही ना?"

"उभा कशाला ऱ्हातोय मी?"

त्या एका वाक्यात माझे डोळे उघडले. आपल्याकडचा माणूस दिवसभर बसलेला असतो. मोटारसायकलवर, जीपमध्ये, ट्रॅक्टरवर, पारावर, हॉटेलच्या बाकड्यावर. आणि आम्ही माप घेतोय उभ्याचं. खोगीर ठेवायची सासऱ्यांची लाकडी घोडी कोपऱ्यात पडून होती. तिच्यावर मी मोटारसायकलचं जुनं सीट ठोकून घेतलं. आलेल्या माणसाला आधी त्यावर बसवायचं, पाऊसपाण्याच्या गप्पा काढायच्या, नाहीतर सरळ विचारायचं, "यंदा उसाला तोड कधी?" उसाचं नाव काढलं की माणूस पोट विसरतो. श्वास सुटला की मी म्हणायची, "हां, आता दोरी घ्या." तरीही काहीजण दोरी हातात आली की पुन्हा आत ओढायचे. मग स्पष्ट सांगायचं, "श्वास सोडा. इथं तुम्हाला बघायला कुणी आलेलं नाही."

केडगावचे एक सोनार होते. त्यांना पाठीच्या मणक्यावर, सदऱ्याच्या आत, कुणाला कळणार नाही असं पाहिजे होतं. मी सांगून थकले की तिथे ठेवून बसता येत नाही, आणि माणूस मागे पडला तर मणका जायचा. ऐकलं नाही. शेवटी पाठ धरून आले, ती अशी वाकडी! लपवायचं असेल तर वस्तू अंगाला सोसेल अशीच हवी, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. टोचणारी गोष्ट माणूस अंगावर ठेवतच नाही. घरी कपाटात ठेवतो, गाडीच्या खणात ठेवतो आणि मग ती भलत्याच्या हातात जाते.

मॅडम आल्या त्या याच कारणासाठी.

त्या फौजदार होत्या. शेवगावच्या बाजूला नेमणूक होती, वय तिशीच्या आतबाहेर. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पंजाबी ड्रेसवर, साध्या कपड्यात आल्या होत्या. बरोबर जीपचा ड्रायव्हर दराडे हवालदार. तो बाहेर बिडी ओढत थांबला.

"काकू, बाईमाणूस कव्हर शिवतं असं ऐकलं म्हणून आले," त्या म्हणाल्या. "सरकारी कव्हर माझ्या कमरेला बसत नाही. टोचतं म्हणून मी काढून गाडीत ठेवते. परवा एका टपरीवर उतरले आणि पिस्तूल गाडीत राहिलं. दराडेच्या लक्षात आलं म्हणून वाचले. हरवलं असतं तर नोकरी गेली असती."

सरकारी होल्स्टर पुरुषाच्या सरळ कमरेसाठी केलेलं. बाईच्या कमरेला उतार असतो, त्यावर ते तिरपं होतं आणि मूठ बरगडीत शिरते. मी म्हटलं, "बसा घोडीवर." दोरी माझ्याच हातात घेतली. बाईचं माप घ्यायला मला कोण अडवणार?

दोरी कमरेला लावली आणि बघते तर काय, मॅडमनी पोट आत ओढलं. मला हसू आलं. म्हटलं, फौजदार झाली तरी बाईच! मग नेहमीची युक्ती केली. काम काय करता, विचारलं.

त्या खुलल्या. नदीतली वाळू चोरणाऱ्या डंपरवाल्यांना धरायचं पथक नुकतंच त्यांच्याकडे आलं होतं. आधी कितीतरी वर्षं बंदोबस्त आणि महिलांच्या तक्रारींचं टेबल. हे पहिलं स्वतःचं काम. चार माणसं, एक जीप आणि सगळे हुकूम त्यांचे. बोलता बोलता श्वास सुटला आणि दोरी माझ्या बोटांत ताणली गेली.

आमच्या धंद्यात जेवणाचं पोट आणि दुसरं पोट वेगळं कळतं. जेवणाचं पोट दोरीखाली दबतं. हे दबेना.

मी हळूच विचारलं, "कितवा?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. दराडे लांब होता. "चौथा," म्हणाल्या. "काकू, कुणाला बोलू नका. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"आणि अशा अवस्थेत नदीत उतरता?"

"मागच्या वेळी सांगितलं होतं. लगेच टेबलावर बसवलं. काळजीनंच बसवलं, त्यांचा दोष नाही. तरी ते मूल राहिलं नाही. रजेवरून परत आले तर माझं काम दुसऱ्याला गेलेलं. दोन्ही गेलं, काकू. या वेळी मला दोन्ही पाहिजे."

मी स्वतः माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी कळा सुरू होईपर्यंत या मेजावर पट्टे शिवत होते. घरी बस म्हणणाऱ्यांचा मला राग यायचा. पण माझ्यासमोर डंपर नव्हता.

कमरेचं होल्स्टर बादच होतं. पुढं पोट वाढणार, पट्टा आवळला की बाळाला त्रास. घोट्याला बांधतात तसंही नको, पाय सुजणार. राहिला खांदा. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, पाठीवर फुली, डाव्या काखेखाली पिस्तूल, आणि छातीच्या खालून एक आडवा पट्टा, म्हणजे धावताना ते हलत नाही. वरून बिनबाह्यांचं सैल जाकीट घातलं की कुणाला कळायचं नाही. पिस्तूल सरळ खाली टांगलं तर बसल्यावर नळीचं तोंड मांडीकडे, पोटाच्या जवळ येतं. म्हणून मी ठोकळा मागच्या बाजूला कलवून बसवला. घोडीवर बसवून तीनदा बघितलं. पुढे वाकवलं, बाजूला वळवलं. नळीचं तोंड प्रत्येक वेळी खाली आणि मागे. झाकणाला टिचबटण दिलं, अंगठ्यानं उघडेल असं.

आणि आडव्या पट्ट्याला भोकं पाडली, चारच. पट्टा पुष्कळ लांब होता. आणखी तेवढीच बसली असती.

न्यायला आल्या तेव्हा त्यांनी ते बोटानं मोजलं. "पुढं?"

"चौथं भोक संपलं की माझ्याकडे यायचं. पुढचं पाडायचं का नाही ते तेव्हा ठरवू."

"ते तुम्ही ठरवणार?"

"भोकं मी पाडते ना? मग मीच ठरवणार."

त्या हसल्या. मला वाटतं, त्यांना माझा राग आला नव्हता. घरात कुणी असं बोलणारं नसावं.

मग बरेच दिवस काही खबर नाही. एकदा दराडे एकटाच आला. पट्ट्याचं बकल वाकलं होतं, बदलून पाहिजे होतं.

"कसं वाकलं?"

"मॅडम पडल्या वाळूत. डंपरवाल्यानं गाडी अंगावर घातली, त्यांनी बाजूला उडी मारली. गुडघ्यावर पडल्या. पिस्तूल जागंवरच ऱ्हायलं बगा, जरा बी हाललं न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "लागलं न्हाई कुठं. पन लई येळ बसून ऱ्हायल्या तशाच. हात पोटावर."

मी बकल बदलायला घेतलं. त्यानंच तोंड उघडलं. "ताई, मला म्हाईत हाय. माझ्या घरात तीन लेकरं झाली, मला कळत न्हाई व्हय? समद्या पथकाला म्हाईत हाय. मॅडमला वाटतंय आमाला म्हाईत न्हाई. आमी बी दावत न्हाई."

"मग?"

"मग काय! मी गाडी हळू घेतो. खड्डा आला की अजून हळू. एक जन पाण्याची बाटली भरून ठेवतो, एक जन त्यांच्या आदी चढावरनं उतरतो. त्यात दोन डंपर निसटले. मॅडम मला रोज शिव्या घालत्यात. घालू द्या. तुमी मातूर बोलू नगा, ताई. शपथ हाय."

मी कपाळाला हात लावला. त्या पथकापासून लपवतायत, पथक त्यांच्यापासून लपवतंय आणि मधल्या मध्ये वाळू चाललीय!

पट्टा मेजावर उलगडला तेव्हा मी भोकं बघितली. चामड्यावर बकल जिथं बसतं तिथं काळसर खूण पडते, ती पुसली जात नाही. तिसऱ्या भोकावर खूण पक्की झाली होती आणि चौथ्यावर नुकती धरली होती.

चौथं भोक भरलं तेव्हा मॅडम आल्या, त्या तणतणतच. दराडे बाहेर जीपमध्ये. घोडीवर बसायच्या आधीच सुरू, "काकू, एक भोक पाडा, घाईत आहे. आज साहेबांकडे जायचंय. दराडेची बदली मागणार आहे. कामचुकार झालाय. डंपर डोळ्यांसमोर जातो आणि हा गाडी बैलगाडीसारखी हाकतो. त्याला कुणीतरी पैसे चारले असणार."

भोकं पाडायचा पंच माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला. दराडेपुढे मी शपथ घेतली नव्हती, त्यानंच घातली होती. पण या बाईनं साहेबांपुढे 'पैसे चारले' असा शब्द काढला असता तर तीन लेकरांच्या बापाची नोकरी धोक्यात आली असती. आणि ही स्वतः पुन्हा वाळूत उड्या मारणार. माझी जीभ राहीना.

"त्याला कुणी पैसे चारलेले नाहीत," मी म्हटलं. "तो खड्डे चुकवतोय. तुमच्यासाठी."

त्यांनी बाहेरच्या जीपकडे बघितलं.

"त्याला माहीत आहे. पहिल्यापासून. सगळ्यांनाच माहीत आहे. तुमच्या आधी चढ उतरतो तो कशाला उतरतो, पाण्याची बाटली रोज कोण भरतं, कधी विचारलंत?"

त्या घोडीवर टेकल्या. चेहरा लाल झाला. मला वाटलं आता माझ्यावर ओरडणार. पण डोळे भरून आले. "म्हणजे मी लपवत होते ते कुणापासून?"

"ते तुम्हाला माहीत. मी पाचवं भोक पाडणार नाही. साहेबांना सांगून या, मग पाडते."

"पुन्हा टेबलावर बसवतील."

"बसवतीलही. मी काय सांगू? पण चार माणसं तुमची काळजी घेत घेत चोर सोडतायत. हे तुमचं पथक राहिलं का?"

बोलले आणि वाटलं, जास्त झालं. त्यांनी पट्टा उचलला आणि निघून गेल्या. साधं येते म्हणाल्या नाहीत. जीप गेली तशी मी मेजाशी बसले. साहेबांनी खरंच काम काढून घेतलं तर? मागचं मूल गेलं तेव्हा आधाराला काही उरलं नव्हतं. आता मीच ते घालवलं का? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला कव्हर शिवायला ठेवलंय का लोकांचे संसार शिवायला?" त्याला काही सांगण्यात अर्थ नसतो.

नंतरच्या आठवड्यात दुकानापुढं करकचून ब्रेक लागला आणि धुळीचा लोट आत आला. जीप. दराडे चालवत होता, आणि ती हळू चालवलेली नव्हती. मॅडम उतरल्या. अंगात खाकी, पण शर्ट सैल, बाहेर सोडलेला. पोट लपवायचा प्रयत्नच नाही.

"सांगितलं साहेबांना," त्या म्हणाल्या. "आधी बोलले की बिनधोक टेबल घ्या. मी म्हटलं, टेबलावरसुद्धा मागचं राहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, पथक तुमच्याकडेच राहील, पण नदीत उतरायचं नाही. गाडी काठावर, हुकूम गाडीतून. वाळूत दराडे उतरेल."

"आन काल दोन डंपर धरले, ताई," दराडे दारातून म्हणाला. "मॅडम गाडीतनं नुस्त्या बोलत हुत्या. आमी पळत हुतो."

"मग आता पिस्तूल कशाला?" मी मुद्दाम विचारलं.

"माझ्या नावावर आहे ते. माझ्याच अंगावर राहील. आता दिवसभर बसूनच काम आहे, काकू. बसल्याचं माप घ्या."

त्या घोडीवर चढून बसल्या. मी दोरी घेतली. दारात दराडे उभा, रस्त्यावरची दोन माणसं डोकावत होती. 'श्वास सोडा' हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते, सवयीनं. पण बोलावं लागलं नाही. मॅडमनी स्वतःच लांब श्वास सोडला, पाठ सैल केली, आणि पोट पुढं आलं तसं येऊ दिलं.

"किती पाडू?" मी विचारलं.

"मोजू नका. पट्टा संपेपर्यंत पाडा."

पाडली. दराडेनं पट्टा धरला आणि मी पंच मारत गेले.

आता माझं दुकान जवळपास बंदच आहे. पोरं मोबाईलवरून प्लॅस्टिकची कव्हरं मागवतात, दुसऱ्या दिवशी घरपोच. वाईट वाटतं. त्यांना कोण घोडीवर बसवणार? टोचलं की तीही गाडीच्या खणात ठेवतील. पण ते जाऊ दे.

मॅडम रजा संपवून परत आल्या तेव्हा कमरेला घालायचं नवं होल्स्टर घेऊन गेल्या, उतार बघून शिवलेलं. जुना पट्टा माझ्याकडेच ठेवला. पेढे दराडेनं आधीच आणून दिले होते, मुलगी झाल्याचे. तो पट्टा मी मेजासमोरच्या खिळ्याला लावलाय. कुणी आलं की विचारतं, एवढी भोकं कशाला? मी त्यांना हात लावून बघायला सांगते. बकलाची काळी खूण चौथ्या भोकावर आहे, पाचव्यावर आहे, सहाव्यावर आहे. बोट फिरवत पुढं गेलं तर ती थेट शेवटच्या भोकापर्यंत आहे.